आधी नेट, मग लाईट

कोकणात लाईट तीन प्रकारे जाते. 'आपलीच गेली', 'आळीची गेली' आणि 'वरूनच गेली'. दुःखाची उतरती भांजणीही हीच. आपलीच गेली असेल तर तो अपमान असतो. आळीची गेली असेल तर गैरसोय. आणि वरूनच गेली असेल तर माणूस खुर्ची ओढून निवांत ओटीवर येऊन बसतो. जे तालुक्यात कुणाकडेच नाही ते आपल्याकडेही नाही, यात वाईट वाटून घ्यायचं काय?

यांतला प्रकार कुठला, हे ठरवायला आमच्या देवरुखात यंत्र लागत नाही. गडग्याजवळ उभं राहून "अण्णा, आहे का?" अशी हाक मारायची. काय आहे का, हे सांगावं लागत नाही. खांबावरून तीन फेज येतात. आमचं घर एकावर, शेजारच्या अण्णांचं दुसऱ्यावर. अण्णांकडे असेल तर डीपीत आमच्या फेजचा फ्यूज उडालाय. अण्णांकडे नाही, पण वरच्या वाडीत दिवे दिसताहेत, तर डीपीच बसलीय. वरची वाडीही काळोखात असेल, तर 11 हजार व्होल्टच्या लाईनला कुठेतरी झाड टेकलंय आणि सबस्टेशनात फीडर ट्रिप झालाय. अण्णा 'आहे' किंवा 'नाही' असं सरळ कधीच सांगत नाहीत. "का हो, तुमच्याकडे नाही?" असं विचारतात. आवाजात समाधान किती आहे त्यावरून आम्ही फेज ओळखतो.

ही शास्त्रशुद्ध पद्धत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती. तिला धक्का लावला तो आमच्या चिरंजीवांनी. 2020च्या टाळेबंदीत ते लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आले. टाळेबंदी उठली, ते काही उठले नाहीत. कंपनी म्हणाली, घरून केलंत तरी चालेल. पण कंपनीतल्या त्यांच्या साहेबाला 'वरूनच गेली' हे कारण पटत नाही. वरून म्हणजे नक्की कुठून, असं तो विचारतो. वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस अंगावर घेणाऱ्या गावात वीज येते हेच आश्चर्य, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याचा प्रश्न एकच होता : "बॅकअप नाही का?"

तेव्हा घरात इन्व्हर्टर आला. त्याच्याबरोबर 150 अँपिअर-अवरची बॅटरी आली. ती उचलायला दोन माणसं लागली आणि ठेवायला माजघराचा एक कोपरा गेला. इन्व्हर्टरची लाईन घरात कुठे फिरवायची, यावर कुटुंबाची बैठक झाली. आईने देवघरातला दिवा सांगितला, सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातला पंखा, मी ओटीवरचा बल्ब. चिरंजीव त्या वेळी मीटिंगमध्ये होते, त्यामुळे राउटरचा प्लग कुणाच्याच यादीत आला नाही. तेव्हापासून माजघरातून एक पिवळी एक्स्टेंशन उंबरा ओलांडून चिरंजीवांच्या खोलीत जाते. येणाजाणाऱ्याला आई बजावते, "जपून रे, नोकरी आडवी पडलीय."

विजेचा हा प्रवास बघण्यासारखा आहे. बॅटरी असते 12 व्होल्टची. इन्व्हर्टर त्याचे 230 करतो. ते पिवळ्या वायरीतून राउटरपाशी पोचले की तिथला अ‍ॅडाप्टर त्यांचे पुन्हा 12 करतो, कारण राउटरला हवे असतात तेवढेच. देवरुखहून साखरप्याला जायचं आणि रत्नागिरीमार्गे जायचं, त्यातला प्रकार. वाटेत दोन्ही ठिकाणी थोडी थोडी वीज सांडते आणि राउटरला दहाएक वॅट पोचवायला इन्व्हर्टर स्वतःच तेवढीच वीज खाऊन बसतो.

शिवाय इन्व्हर्टरच्या पाठीवर एक खटका असतो. एकीकडे 'नॉर्मल', दुसरीकडे 'यूपीएस'. नॉर्मलवर ठेवला तर लाईट गेल्याचं पंख्याला कळतही नाही, पण राउटर दचकून बंद पडतो आणि पुन्हा शुद्धीवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात पुण्याला चिरंजीवांचं तोंड अर्धवट उघडं राहिलेलं चित्र गोठून बसतं आणि साहेबाला वाटतं, मुलगा विचारात पडलाय. यूपीएसवर ठेवला तर राउटर शाबूत, पण मग इन्व्हर्टरला तोरा चढतो. 180 व्होल्टच्या खालच्या विजेला तो वीजच मानत नाही. संध्याकाळी आळीतले पंप सुरू झाले की आमच्याकडे 170 हा सभ्य आकडा समजला जातो. अशा वेळी लाईट असूनही घर बॅटरीवर चालतं, आणि खरोखरच लाईट जाते तोवर बॅटरी दमलेली असते.

शेवटी चिरंजीवांनी हजार-बाराशे रुपयांचा एक डबा मागवला. हाताच्या पंजात मावणारा, आत लिथियमचे सेल. तो अ‍ॅडाप्टर आणि राउटरच्या मधे बसतो आणि लाईट गेली की 12 व्होल्टचे 12 व्होल्टच, गुपचूप, तीन-चार तास पुरवतो. दोन माणसांनी उचलून आणलेल्या बॅटरीला जे जमलं नाही ते या डबीने केलं. त्या दिवसापासून इन्व्हर्टरकडे घरात कुणी आदराने बघत नाही. डिस्टिल्ड वॉटर मात्र तो नियमित पितो.

विजेचा बंदोबस्त झाला आणि मग कळलं, की नेट विजेपेक्षा वानरांच्या मर्जीवर जास्त चालतं. काचेचा तो तंतू 125 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्यातून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर स्वार होऊन पुण्याचा साहेब आमच्या घरात येतो. हा तंतू असलेली केबल खांबावरून आंब्यावर, आंब्यावरून फणसावर आणि फणसावरून आमच्या पडवीत आलेली. वानरांना ती आपल्यासाठीच बांधली असं वाटतं, आणि केबल टाकणाऱ्याने निवडलेली झाडं बघता त्यांची समजूत चुकीची म्हणवत नाही. नेटच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा एक बारका दिवा आहे. तंतू तुटला की तो लाल लुकलुकतो. आमच्या घरातला हा एकच दिवा असा, की जो पेटला की सगळ्यांच्या तोंडावर काळोख पसरतो.

मग जोडणी करायला नेटवाला मुलगा येतो. हे काम मी जवळून पाहिलंय, कारण छत्री धरायला मी असतो. भर पावसात फणसाखाली स्टूल मांडून तो बसतो. केबलचं काळं साल सोलतो, आतल्या तंतूवरचा लेप चिमट्याने ओरबाडतो, स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो आणि छोट्या कातरयंत्रात त्याचं टोक काटकोनात तोडतो. दुसऱ्या टोकाचंही तसंच. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती सोटग्यांएवढी मोठी दिसतात. मशीन स्वतःच त्यांना इकडे-तिकडे सरकवून एका रेषेत आणतं, मग एक निळसर ठिणगी, आणि काच काचेत वितळून एकजीव. पडद्यावर आकडा येतो : 0.02 डीबी. म्हणजे सांध्यात प्रकाश जवळपास वायाच गेला नाही. मी भारावून छत्री त्याच्या डोक्यावर धरतो. तो ओरडतो, "काका, माझ्यावर नको, मशीनवर धरा!" मशीन महागाचं आहे आणि मुलगा कोकणातला आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं रास्तच असतं.

साहेबाने सुचवलं, दुसरं कनेक्शन घेऊन ठेवा. घेतलं. वेगळी कंपनी, वेगळी केबल, वेगळं बिल. खांब तोच. पहिल्याच वादळात फणसाची फांदी कोसळली आणि तिने दोन्ही कंपन्यांना समान न्याय दिला. आता घरात एकाऐवजी दोन लाल दिवे लुकलुकतात.

मोबाईलचा हॉटस्पॉट हा त्याच्यापुढचा उपाय. पण टॉवरलाही लाईटच लागते, हे आपण विसरतो. त्याच्याही पायाशी बॅटऱ्या असतात, त्या काही तासांच्या. पुढे डिझेलवर जनरेटर चालतो, आणि डिझेल टाकायला माणूस यावा लागतो. 3 जून 2020ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. खांब आडवे आणि टॉवर मुके. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडची माणसं सुखरूप आहेत एवढं कळायलाही दिवस लागले. वरूनच गेली की माणूस निवांत होतो, हा आमचा सिद्धान्त तेवढ्यापुरता कुणी उच्चारला नाही.

आईला यातल्या कशाचंच नवल नाही. तिचं म्हणणं, पूर्वीचा फोन लाईट गेली तरी चालायचा. ते खरंच होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची आणि बोलणं ज्या तांब्याच्या तारेतून यायचं त्याच तारेतून 48 व्होल्टही यायचे. फोनला घरातली वीज लागतच नसे. तो बिघडायचा, महिनोन्‌महिने बिघडायचा, पण लाईट गेली म्हणून कधी नाही. त्याच्या बिघडण्याला एक स्वतंत्र बाणा होता.

या सगळ्या खटपटीत एकच दिवस असा उगवला, की आम्हाला कृतार्थ वाटलं. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची लाईट गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या आळीत त्या वेळी लाईट होती, नेटही होतं. मुंबईच्या भावाने मोबाईलची उरलीसुरली बॅटरी खर्च करून मला फोन केला आणि विचारलं, "आता काय करायचं असतं रे?" मी त्याला फीडर, ट्रिप, डीपी, फेज सगळं नीट समजावलं. शेवटी म्हटलं, "खिडकीत उभा राहून शेजाऱ्याला विचार." तो म्हणाला, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही.

आमच्याकडे शेजारी माहीत असण्याचा प्रश्न वेगळा आहे. लाईट नसताना आमचं नेट चालतं ही बातमी गडगा ओलांडून गेली. पहिल्यांदा अण्णांची नात अभ्यासाला आली. मग अण्णा नातीला न्यायला आले आणि बसले. मग अण्णांचा मोबाईल चार्जिंगला आला. पुढे वाडीतले सगळेच 'सहज' येऊ लागले, आणि इन्व्हर्टरवरच्या बल्बखाली आमच्या ओटीला एसटी स्टँडची कळा आली. सौभाग्यवतींनी चहाचं आधण ठेवता ठेवता अण्णांना त्या लिथियमच्या डबीची माहिती दिली. किंमत सांगितली, कुठे मिळते ते सांगितलं, आणि चिरंजीवांकडून तिथल्या तिथे मागवूनही दिली. हळूहळू आळीत घरोघरी डबी आली. आता लाईट जाते, पण नेट कुणाचंच जात नाही.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि त्यात आमच्या भागाचा वायरमनही आहे. पूर्वी लाईट गेली की त्याला फोन करावा लागे, तो बिझी लागे, लोक नाद सोडून जेवायला बसत, आणि जेवणं होईतो लाईट येई. आता काळोख पडल्या क्षणी सुरुवात होते. "गेली." "आमची पण." "कधी येणार?" "वरूनच गेली का?" "वरच्या वाडीत आहे का?" कुणी विजेपासून बचावाचे दहा उपाय पाठवतं. कुणी शुभ रात्रीचं फूल. हाकेच्या अंतरावरचे अण्णा मला ग्रुपवर विचारतात, "तुमच्याकडे?" एवढी बॅटरी, एवढे सेल, दोन कंपन्या आणि ती काचेची तार अशी सगळी सिद्धता करून लाईट नसताना आम्ही नेटवर काय करतो, तर लाईट कधी येणार ते विचारतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री हे असं तासभर रंगलं. बाहेर मुसळधार. अखेर वायरमनचा मेसेज आला : "मी खांबावर आहे. तुमचा मेसेज आला की खिशात फोन वाजतो, बघायला हात सोडावा लागतो. कृपा करून थोडा वेळ सगळ्यांनी नेट बंद ठेवा, लाईट लगेच येईल."

आळी समंजस आहे. सगळ्यांना पटलं. एकामागून एक, अगदी शिस्तीत, प्रत्येकाने खाली लिहिलं : "ओके."