लेकरांनो थांबा, लिंक भरायलोय

मराठवाड्यातल्या शाळांत आजवर चाललेलं सगळ्यात यशस्वी तंत्रज्ञान कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मतदानाची शाई. तिला ना वीज लागते, ना रेंज, ना पासवर्ड. पटावरची लेकरं खोटी आहेत अशी ओरड झाली, तेव्हा आधी आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच पोरगं सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत उभं राहू नये म्हणून बोटाला शाई लावली. तीन दिवसांत लाखो नावं गायब. तोवर ही लेकरं कागदावर रोज खिचडी खात होती, गणवेश घालत होती, पासही होत होती.

बाटलीभर शाईत काम भागलं होतं. पण साहेबलोकांना तिथून जी मोजायची गोडी लागली, ती काही सुटली नाही. २०१५ साली ‘सरल’ आलं. एकदा माहिती भरा, पुन्हा कुणी मागणार नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. (हे वाक्य आज कुठल्याही स्टाफरूममध्ये म्हणून बघा, बारा महिने शिमगा.) नोव्हेंबर २०१६ मध्ये फर्मान निघालं की मास्तरांनी दर सोमवारी लेकरांचे दहा-दहाचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायची आणि चढवायची. त्यानं गळती थांबणार होती. आरडाओरडा झाला आणि सेल्फी बारगळली. डिसेंबर २०२३ मध्ये हजेरी घ्यायला चॅटबॉट आला. म्हणजे मास्तर लेकरांना विचारणार, “हजर?” आणि बॉट मास्तरला विचारणार, “हजर?”

आता ताडकळसला या. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं, स्वतःची बाजार समिती असलेलं हे गाव. सोयाबीनचा भाव कुठं काय चाललाय हे इथं शेंबड्या पोरालाही बापाच्या मोबाइलवरून कळतं. तेव्हा खेड्यातल्या लोकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, हे पुण्यातल्या कार्यशाळेत पीपीटीवर शोभणारं वाक्य इथं चालत नाही. या भागातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अकराच्या सुमाराला डोकावा. दोन वर्ग एका खोलीत. गुरुजी खोलीत नाहीत. ते बाहेर लिंबाखाली, हात वर करून उभे. नमाज नाही, आरती नाही, रेंज शोधणं चाललंय. आतून एक लेकरू ओरडतं, “सर, गणित झालं, बघा की!” बाहेरून उत्तर येतं, “थांब रे, लिंक भरायलोय. आजच्या आज मागितलीय.”

ही लिंक कुठून येते? मुंबईहून पुण्याला, पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला उपसंचालकांकडे, तिथून परभणीला, परभणीहून पूर्ण्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. प्रत्येक मुक्कामाला तिला एकेक ‘अत्यंत तातडीचे’ चिकटतं. शेवटी लिंबाखाली पोचते तेव्हा मुदत संपून दोन तास झालेले असतात.

आणि एकच असती तर गोष्ट वेगळी. सकाळी हजेरी, दुपारी पोषण आहारात किती ताटं वाढली त्याचा आकडा, मग यू-डायस प्लस, मग ‘अपार’ची पालकांची संमती, ‘उल्लास’मध्ये गावातल्या निरक्षर आजीची नोंद, ‘एक पेड माँ के नाम’च्या रोपासोबत फोटो (रोप जगलं का, हे विचारायची घाई कुणालाच नसते), ‘सुंदर शाळा’ स्पर्धेचे पुरावे, आणि या सगळ्याच्या डोक्यावर आधार. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती मास्तर द्यायचे ते ठरवताना, आधार जुळलेलीच लेकरं धरायची, असा हट्ट झाला. लेकरू समोर बाकावर बसलंय, नाक पुसतंय, पाढे म्हणतंय. पण स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त पडलाय, म्हणून ते नाही. २०११ मध्ये नसलेली लेकरं कागदावर होती, आता असलेली लेकरं पोर्टलवर नाहीत. प्रगती म्हणतात ती हीच असावी. बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन फडात चार्जिंगविना. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती ठोकून सांगतो. जर्मनीतल्या मास्तरला एका ओटीपीसाठी उसाच्या फडात निरोप धाडावा लागत नसावा.

बरं, एवढं करून चोरी थांबली म्हणावी, तर २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. नियम डावलून नेमलेल्यांना आयडी दिले गेले आणि त्यावर सरकारी पगार निघत राहिला, असा आरोप. अधिकाऱ्यांना अटकाही झाल्या. पोर्टलला लिंबाखालचा गुरुजी दिसतो, हे दिसत नाही. तिथं शाईची बाटली पाठवायला हवी होती.

शिकवायच्या यंत्रांची कथा निराळी. ती येतात नारळ फोडून. फीत, हार, सरपंच, गटविकास अधिकारी, लोकवर्गणी देणाऱ्यांची नावं पांढऱ्या पेंटनं भिंतीवर. मग स्मार्ट टीव्हीला शिवलेलं कव्हर चढतं आणि रिमोट हेडसरांच्या कपाटात जातो, कारण तो हरवला तर भरपाई कुणाच्या पगारातून? पूर्वी खडू-फळा मोहिमेत आलेल्या विज्ञानपेटीचंही हेच झालं होतं. तिची किल्ली आणि हेडसरांची निवृत्ती बहुतेक एकाच दिवशी बाहेर पडली. माध्यमिक शाळांत आयसीटी योजनेतून संगणक कक्ष आले, कंपनीनं पाच वर्षं चालवायचे आणि मग शाळेच्या हवाली करायचे. पाच वर्षांनी संगणक शाळेचे झाले, पण ते शिकवणारा कंत्राटी पोरगा मात्र कुणाचाच झाला नाही. तो आझाद मैदानावर जाऊन बसला. पुण्याची बालचित्रवाणी आठवते? १९८४ साली सुरू झालेली, दूरदर्शनवर लेकरांसाठी कार्यक्रम करणारी. २०१७ मध्ये तिला टाळं लावलं, आणि तीनच वर्षांत कोरोना आल्यावर सगळे विचारू लागले, टीव्हीवरून शिकवता येईल का हो?

वीजबिलाचं तर विचारूच नका. पट तीसपर्यंत असला तर समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, फिनेल, रजिस्टर, मोडलेली कडी, आणि टीव्ही लावला तर त्याचं बिल. गुरुजी हुशार असतात. ते टीव्ही लावत नाहीत.

म्हणून काय यंत्रं कुचकामी आहेत? मुळीच नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यावर सौर विजेवर टॅब चालले आणि आदिवासी लेकरं त्यावर शिकली, हे बघायला लोक गाड्या करून गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. पुढं सरकारी पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये डिसल्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकले. या दोन्ही ठिकाणी लिंक वरून खाली आली नव्हती. एका माणसाला वर्गात अडचण दिसली, त्यानं त्या अडचणीपुरतं यंत्र वापरलं. यंत्राचं तोंड लेकराकडं होतं. ताडकळसच्या लिंबाखालच्या मोबाइलचं तोंड आहे पुण्याकडं, आणि लेकराकडं फक्त पाठ. आणि डिसल्यांचं पुढं काय झालं? २०२२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायला त्यांनी रजा मागितली, तेव्हा त्यांच्या हजेरीची चौकशी गाजली आणि राजीनाम्यापर्यंत प्रकरण गेलं. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवू. पण जगाला त्यांचं शिकवणं दिसलं आणि आपल्या ऑफिसला मस्टर, ही आवड आपापली.

त्याच वर्षी आणखी एक आदेश निघाला. ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावायचे, ए-फोर आकारात. खरा गुरुजी कोण आणि त्याच्या नावावर शिकवणारा कोण, हे लेकरांना कळावं म्हणून. आता फोटो वर्गात आणि गुरुजी लिंबाखाली, हे मात्र त्या आदेशात नव्हतं.

पालकांनीही फार हसू नये. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के पोरापोरींना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. त्यांतले पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६. आकडे देशभरचे आहेत, पण परभणी काही देशाबाहेर नाही.

तरी डिजिटल शिक्षण होतच नाही असं कुणी म्हणू नये. बहुतेक शाळांत सहावी-सातवीतली एक चुणचुणीत पोरगी असते, जिचा हात गुरुजींपेक्षा मोबाइलवर भरभर चालतो. फोटो अपलोड होत नसेल तर त्याची साइज कशी कमी करायची, कॅप्चातला शून्य आणि ‘ओ’ कसा ओळखायचा, सर्व्हर कधी मोकळा असतो, तिला सगळं ठाऊक. गुरुजी मोबाइल तिच्या हातात देतात आणि एकदाचे फळ्याकडं वळतात. ती दाराच्या पायरीवर बसते आणि लिंक उघडते. प्रश्न पहिला: आपल्या शाळेतील विद्यार्थी डिजिटल साधनांचा वापर करतात काय?

ती ‘होय’वर टिचकी मारते.