ओळखीच्या टापूबाहेर

हनिमूनला कुठं जायचं, या प्रश्नानं पुण्या-मुंबईकडच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांची झोप फारशी उडाली नाही. महाबळेश्वर होतं, माथेरान होतं. रजा किती आणि पाकिटात किती एवढं बघायचं आणि निघायचं. पंचाईत झाली ती सातारा-सांगलीकडच्या पोरांची, कारण महाबळेश्वर साताऱ्याच्याच जिल्ह्यात. 1824 मध्ये लॉडविक नावाचा गोरा अधिकारी हा डोंगर चढून गेला, 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले, त्यांना हवा मानवली, आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून 1829 मध्ये त्यांनी ती जागा कंपनीकडे घेतली. तेव्हापासून तिथली रीघ काही थांबलेली नाही. अख्खा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात मांडवाचे बांबू निघायच्या आत ज्या जिल्ह्यात येऊन धडकतो, त्याच जिल्ह्यातला नवरदेव मात्र ‘जायचं कुठं’ म्हणून डोकं धरून बसलेला असतो. त्यानं चुकून महाबळेश्वरचं नाव काढलं, की मित्र विचारतात, “मुक्काम हाय, का सांजच्या यष्टीनं माघारी?”

यावर कुणी ‘पिकतं तिथं विकत नाही’ म्हणून मोकळं होईल. मला ते पटत नाही. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरातच पिकते आणि तिथंच चढ्या भावानं विकतेही. कारण वेगळं आहे. माझं म्हणणं असं, की हनिमूनच्या जागेचा हवेशी, डोंगराशी, समुद्राशी संबंध फार थोडा. तिथं आपल्याला ओळखणारं माणूस नसावं, ही खरी अट, बाकीचं सगळं जाहिरातीतलं. महाबळेश्वर या अटीवर सपशेल नापास होतं. एसटीचा कंडक्टर मेढ्याचा निघतो. हॉटेलच्या भटारखान्यातला माणूस वाईचा आणि त्याची बहीण नेमकी आपल्या आळीत दिलेली. वेण्णा तलावावर मक्याचं कणीस भाजता भाजता एक बाई मान वर करते आणि म्हणते, “तू आण्णांचा थोरला न्हवं?” एवढं झालं की संपलं. नवरा-नवरी वल्ही मारत तलावाच्या मध्यावर पोचायच्या आत घरी फोन गेलेला असतो, की पोरगं बोटीत उभं राहत होतं, जरा सांगा त्याला.

कराडचा दाखला घ्या. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि कराडला समोरासमोर येऊन मिळतात. (माणसं आधी एकत्र येतात आणि मग महाबळेश्वर गाठतात, या दोघींनी क्रम उलटा ठेवला, म्हणून त्यांना बुकिंगची कटकट झाली नाही.) जागेचं नाव प्रीतिसंगम. घाट आहे, बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, नदीवरचा वारा आहे, भेळ आहे. नव्या जोडप्याला आणखी काय पाहिजे? पण कराडचं नवं जोडपं तिथं निवांत बसलेलं सहसा दिसत नाही, आणि दिसलंच तर दोघांच्या मध्ये भेळ खात एक पुतण्या असतो. संध्याकाळी साडेसहाला अर्ध्या कराडचे मामा तिथं फिरायला येतात, हे त्याचं कारण. सांगलीत 1929 च्या आयर्विन पुलावरून कृष्णा तितकीच देखणी दिसते, तिथंही पुलावर थांबलेल्या जोडप्याला पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी “गाडी बंद पडली का?” म्हणून विचारतं. मदतीची भावना असते, त्याबद्दल शंका नाही.

इथं घरातली वडीलधारी मंडळी हरकत घेतात. आमच्या वेळी कुठं होतं हे हनिमूनचं खूळ? संसार झाले नाहीत का? संसार झाले, मान्य. पण ‘कुठं गेलो नाही’ हे काही खरं नव्हे. लग्नानंतर देवदर्शन होतंच: जेजुरी, पाली, जोतिबा, अंबाबाई, वाडीचे दत्तमहाराज. एका जीपमध्ये नवरा-नवरी, दोन्हीकडचे मानकरी, करवली, दोन आत्या आणि एक कुणाचाच नसलेला माणूस. जेजुरीला नवऱ्यानं नवरीला उचलून गडाच्या निदान पाच पायऱ्या चढायच्या, हा आपल्याकडे चारचौघांत मान्य झालेला एकमेव शृंगार, आणि तोही खाली उभं राहून बारा जण मोजणार. म्हणजे देवदर्शन ही हनिमूनच्या नेमकी उलटी संस्था आहे. तिथं जायचं ते ओळखीच्यांनी जोडीनं पाहावं म्हणून, इथं जायचं ते कुणी पाहू नये म्हणून. एकीनं दुसरीची गरज भागत नाही. आमच्या देवांनाही ही सवलत कधी मिळालेली नाही. शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाचं लग्न लागतं, पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं. दरवर्षी न चुकता लागतं, खोबरं-भंडारा उधळतो, पण लग्नानंतर देव चार दिवस कुठं बाहेर गेल्याचं ऐकिवात नाही.

बरं, जागा सापडली असं धरून चालू. तारीख कुठली? पुण्यातल्या माणसाला साहेब रजा देतो किंवा नाकारतो, विषय मिटतो. तासगावकडच्या बागायतदाराचा साहेब म्हणजे द्राक्षबाग, आणि तिच्यापुढं अर्ज चालत नाही. तुळशीचं लग्न लागून मुहूर्त सुरू होतात तेव्हा ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग कोवळी, आभाळ भरून आलं की डाउनी रोग आलाच म्हणून रात्रीबेरात्री फवारणीचा ब्लोअर जुंपायचा. माघ-फाल्गुनात माल उतरतो, व्यापारी दारात, नाहीतर बेदाण्याचं शेड भरायचं. चैत्र-वैशाखात लग्नांची खरी घाई, तर तेव्हा खरड छाटणी. वाळव्याकडं ऊस असेल तर कारखान्याची तोड कधी येईल हे ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं. तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या चिटबॉयला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. आटपाडी-खानापुरात टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की माणूस रानातून हलत नाही. फौजीची गोष्ट निराळी, त्याच्याकडं रजा मोजून असते. पण साखरपुडा, लग्न, पूजा, जागरण-गोंधळ आणि घराच्या पत्र्यांचं राहिलेलं काम यांतून उरलेले दिवस म्हणजे त्याचा हनिमून, आणि ते बहुधा परतीच्या रेल्वेत जातात. थोडक्यात, पंचांगात मुहूर्त लग्नाचे दिलेले असतात. त्यानंतर चार दिवस मोकळे कधी मिळतील, याचा कोठा कुठल्याही पंचांगात नाही.

तरीही पोरं तिकिटं काढतात. आणि इथून माझ्या सिद्धांताची खरी परीक्षा सुरू होते, कारण ओळखीचा टापू जिल्ह्याच्या हद्दीवर संपत नाही. दक्षिणेचं बघा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, आणि पलीकडं साताऱ्यातले माण-खटाव हे पावसानं टाकलेले तालुके. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं कित्येक वर्षांपूर्वी गलाईच्या धंद्यात शिरली. सराफांकडचे मोडीचे दागिने घ्यायचे, पेढीतली धूळसुद्धा झाडून न्यायची, भट्टीत आटवून त्यातलं चोख सोनं-चांदी वेगळं काढायचं. हा धंदा घेऊन ती देशभर पसरली, दक्षिणेत तर विशेषच. त्यामुळं मुन्नार ठरलं की कोचीचे दाजी निघतात, उटी ठरलं की कोइमतूरचे, कोडाईकॅनाल ठरलं की मदुरैचे. हनिमूनची बातमी भावकीत फुटली की दाजींचा फोन येतो: “एवढ्या लांब येणार आणि आमच्या घरचं पाणी न पिता जाणार व्हय?” या वाक्याला उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही. मग चार दिवसांतला एक दिवस दाजींचा. सराफ बाजारातल्या बोळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली भट्टी, भिंतीवर सिद्धनाथाचा फोटो, आणि नवरीच्या ताटात पाचवी पोळी.

मग उत्तरेला जावं? साताऱ्याचं अपशिंगे हे गाव नावातच ‘मिलिटरी’ लावतं. आजूबाजूच्या गावांतूनही घराआड एक फौजी आहे. हिमाचल म्हणा, जम्मू म्हणा, लेह म्हणा, कुठल्या तरी युनिटात गावचा हवालदार असतोच, आणि कडक शिस्तीचा माणूस असल्यानं तो स्टेशनवर गाडी यायच्या आधी अर्धा तास हजर असतो. मुंबईचं तर नाव नको. पाटण-जावळीच्या घाटावरून पोटासाठी उतरलेली माणसं तिथल्या बाजारांत माथाडी म्हणून उभी राहिली, अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली. वाशीच्या मार्केटात साताऱ्याचा माणूस हाक मारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. राहिला परदेश. तिथं सहलीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर पलूसचं जोडपं असतं, आणि विमानतळ सोडायच्या आत दोन्ही नवऱ्या एकाच गावच्या भाच्या निघतात.

आपण होऊन ओळख लपवावी, तर तेही शक्य नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही हळद लग्नात अंगाला चोपडलेली असते आणि पुढचे आठ दिवस कानामागून, नखांतून ती काही जात नाही. म्हणजे नवरा-नवरी आपलं भौगोलिक मानांकन अंगावर घेऊनच फिरतात. त्यात नवरीच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. उरलंसुरलं काम बॅग करते. देशातल्या विमानात साधारण पंधरा किलो सामान चालतं. त्यात आई दाजींसाठी कंदी पेढे देते, त्यांच्या घरमालकासाठी बेदाणे, सांगलीचं भडंग दोन पिशव्या, शेंगदाण्याची चटणी, वाटेत लागतील म्हणून धपाटे. नवरीनं हौसेनं घेतलेला स्वेटर या झटापटीत हरतो आणि घरीच राहतो. विमानतळावर तपासणीवाला बॅग उघडायला लावतो आणि सगळी रांग वळून बघते, कारण चटणीत लसूण असतो.

यावर एक शहाणा आक्षेप येतो आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. ओळखीचं माणूस जवळ असलं तर बिघडलं काय? परमुलखात पोट बिघडलं, पाकीट मारलं गेलं, तर हॉटेलवाला धावतो का दाजी? दाजी धावतात, हे शंभर टक्के खरं. मी आणखी पुढं जाऊन कबूल करतो, की तिसऱ्या दिवशी सकाळी, सहाव्यांदा इडली समोर आल्यावर, नवरा स्वतःहून म्हणतो, “दाजींचा नंबर सेव्ह केलाय का गं?” आणि रात्री त्या दोन खोल्यांत पिठलं, भाकरी, खरडा असं ताट समोर येतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते धुक्यातल्या चहाच्या मळ्यांनी उमटवलेले नसतात. पण यानं माझा मुद्दा पडत नाही. दाजींकडं जावंसं वाटायला आधी त्यांच्यापासून तीन दिवस लांब राहावं लागतं. आमच्याकडं अडचण अशी, की दाजी स्टेशनवरच असतात.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आता अंतराला अर्थच काय राहिला? बालीला गेलात तरी मोबाईल बरोबर. सकाळी सासूबाईंचा व्हिडीओ कॉल, दुपारी ‘पाटील परिवार’ ग्रुपवर फोटोची मागणी, रात्री काकांचा प्रश्न, की समुद्र दाखवलास, पण जावई का दिसत नाहीत. हे मात्र बिनतोड आहे. मग माझ्या सिद्धांतानं माणसाला जायला हवं तिथं, जिथं ओळखही कमी आणि रेंजही कमी. असा भाग पुन्हा साताऱ्यातच आहे, हा दैवाचा विनोद. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली, तापोळा; तापोळ्याला तर मिनी काश्मीर म्हणतात. पाणी, डोंगर, शांतता, मोबाईलला कधी एक काडी, कधी तीही नाही. या खोऱ्यातली कितीतरी घरं मुंबईला गेल्यामुळं हटकायला माणसंही मोजकीच. हिशोबानं तापोळा बालीपेक्षा लांब पडतं, आणि एसटीनं जाता येतं.

फक्त लाँच चालवणाऱ्याला चुकवता येत नाही. तो पाण्याच्या मध्यावर गेला की इंजिन मंद करतो आणि विचारतो, “गाव कंचं म्हणायचं, पाहुणं?” इथं खरं सांगितलं तर चार वाक्यांत सोयरीक निघते, म्हणून लांबचं गाव सांगावं असा माझा सल्ला आहे. चंद्रपूर बरं. पण ते सांगताना “आम्ही चंद्रपूरचं की ओ” असं तोंडातून गेलं, तर पुढचं सगळं ऐकून घ्यावं लागेल. आणि नीट प्रमाण मराठीत सांगितलं, तरी लाँचवाला हातातली विडी पाण्यात टाकून म्हणणारच, “चंद्रपूर? तिथं थर्मलला साडू असतोय आमचा. तुम्ही कुठल्या कॉलनीत?”