अंधारमुक्त महाराष्ट्र

शहरातून अंधार हद्दपार केल्याबद्दल आपल्या महापालिकांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. खड्डे हटले नाहीत, कचरा हटला नाही. अंधार मात्र हटला. उड्डाणपुलांच्या खांबांना रंगीत रोषणाई, झाडांच्या बुंध्यांना लाल-निळ्या माळा (झाडांची लेखी तक्रार अद्याप आलेली नाही) आणि चौकाचौकात हायमास्ट. त्यांचा बराचसा उजेड थेट आभाळात जातो. तिथं कुणी घरपट्टी भरत नाही, पण पालिका पडली दानशूर.

आपलंही काही अडलेलं नाही. सप्तपदी झाली की नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत आहे. त्यासाठी पूर्वी अंगणात जावं लागे. आता गुरुजी हॉलच्या झुंबराकडे बोट दाखवतात, नवरी मान डोलावते आणि फोटोग्राफर म्हणतो, ‘‘गुरुजी, बोट परत एकदा!’’ कोजागरीच्या दुधात चंद्र पडला की गच्चीवरचा फ्लडलाइट, याची चौकशी कुणी करत नाही. मसाला झाल्याशी कारण. साडेसातीच्या धास्तीनं दर शनिवारी तेल वाहणाऱ्याला सांगून बघा, की शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दचकतो बिचारा. मृगाचं वाहन यंदा कोल्हा की बेडूक, हे आपल्याला तोंडपाठ. मृग आभाळात कुठं असतो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

जगातल्या एक तृतीयांश माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रकाशप्रदूषणाचा जागतिक नकाशा सांगतो. आपली शहरं या शर्यतीत मागं नाहीत. वीज गेली की चार तारे दिसायचे, तेवढ्यात शेजारचा इन्व्हर्टर धावून येतो.

आणि जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. आजोबांना ओसरीवर फुकट मिळणाऱ्या अंधाराला आता आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. आपण तिथं गाडी काढून जाणार, रिसॉर्टचं भाडं भरणार आणि पोचल्यावर पहिली गोष्ट कोणती करणार? मोबाइलचा टॉर्च लावणार.

पेंचच्या आसपासची गावं त्यासाठी अंधारात चाचपडत बसलेली नाहीत, हे मात्र नीट ऐका. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा इथले शंभराहून जास्त दिवे बदलून उजेड खाली पडेल असे बसवले, एवढंच. रस्ता दिसतो, तारेही दिसतात.

तेव्हा नगरसेवकसाहेब, मतदारांना टोप्या घालण्याचा तुमचा अनुभव दांडगा आहे. यंदा वॉर्डातल्या दिव्यांनाही घालून बघा.