नानांची कार्डं

कादंबरी ‘डोक्यात पूर्ण तयार’ असलेला एक तरी गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेलच. आमचे नाना त्यातले सवाई, कारण त्यांची कादंबरी कार्डांवरही तयार आहे. गुलाबी कार्ड पात्रांचं, पिवळं प्रसंगांचं, हिरवं निसर्गवर्णनाचं. नाना लांबून दिसले, की अप्पा बळवंत चौकातला दुकानदार तिन्ही रंगांचे गठ्ठे न विचारता काढून ठेवतो.

‘नाना, पहिलं वाक्य तरी लिहा,’ म्हटलं की ते टिळकांना पुढे करतात. ‘मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य काही महिन्यांत हातावेगळं झालं, ते उगाच? आधी वर्षानुवर्षं घोळवलं होतं!’ खरं आहे. पण टिळकांनी ते शिसपेन्सिलीनं लिहून काढलं आणि १९१५ साली छापूनही आलं, हा उत्तरार्ध नानांच्या कुठल्याच कार्डावर नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचंही तेच. ‘२३ खंड! योजनेशिवाय झाले का?’ ‘नुसत्या योजनेनंही नाही झाले,’ असं काकू स्वयंपाकघरातून ऐकवतात.

काकूंना तो अधिकार आहे. मुलीच्या लग्नाची आखणीही कार्डांवरच झाली होती. पंगती पिवळ्यावर, व्याही गुलाबीवर, आणि विहीणबाई चुकून हिरव्यावर, म्हणजे निसर्गवर्णनात! एकदा पंख्यानं सगळी कार्डं उडाली. नाना डगमगले नाहीत. तडक चौकात जाऊन निळा गठ्ठा घेऊन आले. कशाला? ‘कार्डांची यादी करायला.’

पण गणपती उठले, की दिवाळी अंकांचे संपादक तगादा लावतात आणि आम्ही लिहिते लोक अडकलेला मजकूर घेऊन गुपचूप नानांचंच दार वाजवतो. ते परिच्छेदागणिक एकेक कार्ड करतात, सतरंजीवर मांडतात आणि चहा निवायच्या आत दोन उचलून पुढे आणतात. ‘हे शेवटी कशाला दडवलंस? इथूनच सुरू कर. आणि आजोबांचं कार्ड काढून टाक. फार चांगलं आहे रे, म्हणूनच काढ. बाकीच्यांना खातंय.’ लेख उभा राहतो, आणि काढलेले आजोबा नाना स्वतःच्या खिशात ठेवतात.

त्या सतरंजीवर मार्गी लागलेल्या दोन कादंबऱ्या आज दुकानांत आहेत. एकीला पुरस्कारही मिळाला. दोन्हींच्या ऋणनिर्देशात मुद्रक आहेत, मुद्रितशोधक आहेत, एकीत तर लेखकाचं मांजरही आहे. नाना नाहीत.