कोणाचा ढेकूण?

दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या होमस्टेत राहून आलेल्या माणसाच्या अंगावर गांध्या उठल्या की भांडणाला तोंड फुटतं. मुंबईकर म्हणतो, ढेकूण दापोलीहून आला. दापोलीकर म्हणतो, तो मुंबईचाच, तुमच्याबरोबर हवापालटाला आला होता. दोघांचंही खरं असू शकतं आणि पुरावा दोघांकडंही नसतो. चावल्याची खूण कुणाच्या अंगावर तासाभरात उमटते, कुणाच्या चौदा दिवसांनी, कुणाच्या उमटतच नाही. एकाच पलंगावर झोपलेल्या नवराबायकोत बायकोच्या हातावर ओळीनं पुरळ आणि नवऱ्याचं अंग स्वच्छ, हे सर्रास घडतं. मग नवरा ‘तुला ती कोळंबी सोसली नाही’ असं निदान करून मोकळा होतो, आणि बिचाऱ्या कोळंबीची बदनामी होते.

ढेकणाचं मूळ गाव सांगता येत नाही ते हे असं. तरी आपला सगळा जोर त्याच प्रश्नावर. होमस्टेच्या मालकांना फोन लावून बघा. ‘आमच्याकडं? ढेकूण? अहो साहेब, गेल्या महिन्यात आमच्याकडं मंत्री उतरले होते!’ यावर ‘मग त्यांनीच सोडले असतील’ हे उत्तर जिभेवर येतं, पण डिपॉझिट अजून मालकांच्या खात्यात असतं, म्हणून आपण गप्प बसतो.

या सगळ्यामागं लाज आहे. ढेकूण निघाला म्हणजे घर घाणेरडं, घर घाणेरडं म्हणजे घराणं घाणेरडं, असा आपला हिशेब. ढेकणाला हा हिशेब ठाऊक नाही. त्याला कळतो तो आपला उच्छ्वास, अंगाची ऊब आणि अंगाचा वास. फरशी फिनाइलनं पुसली की नाही याची चौकशी तो करत नाही. २०२३ च्या पावसाळ्यानंतर पॅरिसमध्ये ढेकणांवरून एवढा गदारोळ झाला की सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेनं जाहीर केलं होतं की २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या सुमारे ११ टक्के घरांत ढेकूण होऊन गेले, आणि त्याचा घरच्या उत्पन्नाशी संबंध दिसत नाही. जिथून जगाला अत्तरं जातात तिथली ही गत. तेव्हा गुहागरच्या होमस्टेवाल्या काकांनी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. मनाला लावून घेतात म्हणून ते लपवतात, आणि लपवलेला ढेकूण वाढतो. मादी रोज दोन-चार अंडी घालते, जन्मभरात दोनशेच्या वर. काका अजून ‘आमच्याकडं शक्यच नाही’ म्हणत असतात तेव्हा दुसऱ्या खोलीचं उद्घाटन झालेलं असतं.

आता खोलीत जाऊ. सकाळी दहाला चेक-आउट, बाराला चेक-इन. मधल्या दोन तासांत केअरटेकरची बायको चादर ओढते, अभ्रे काढते, सगळं काखोटीला मारते आणि व्हरांड्यातून, बाकीच्या खोल्यांच्या दारांवरून धुण्याच्या दगडापर्यंत नेते. ढेकणाला एका खोलीतून दुसरीत जायला एवढं वाहन पुरतं. तिचा काही दोष नाही. तिला कुणी तोंड बांधता येईल अशी पिशवी दिलेली नाही, बॅटरी दिलेली नाही. दिलंय काय, तर रूम फ्रेशनर आणि टॉवेलचे हंस करायचं शिक्षण. गादीवर चोचीला चोच लावलेले दोन हंस, मध्ये झेंडूच्या पाकळ्यांचा बदाम. हंसांखाली कोण आहे ते बघायचं शिक्षण अजून सुरू व्हायचंय.

पलंगाच्या डोक्याशी भिंतीला ठोकलेलं, बटणं दाबून फुगवलेलं ते मखमली हेडबोर्ड तर ढेकणांना बांधून दिलेला गृहप्रकल्प आहे. ढेकूण ताटापासून लांब राहत नाही. गादीची शिवण, पलंगाच्या फळ्यांच्या फटी, स्क्रूची भोकं, हेडबोर्डची मागची बाजू, पडद्याच्या चुण्या. रात्री बाहेर येऊन पाच-दहा मिनिटांत जेवायचं आणि परत बिऱ्हाडी. गोव्यात ‘पोर्तुगीज फील’ यावा म्हणून जुन्या बाजारातून कोरीवकामाचे पलंग आणून मांडतात. नक्षी जितकी बारीक, तितक्या खोल्या जास्त; आणि जुन्या पलंगाबरोबर जुने भाडेकरू फुकट येऊ शकतात हे विकणारा सांगत नाही.

‘पावसाळ्यात चार महिने घर बंदच होतं, उपाशी मेले असतील,’ हा आणखी एक लाडका समज. मोठा ढेकूण काही महिने उपाशी काढू शकतो. दिवाळीला पहिला पाहुणा गादीवर आडवा झाला की त्याचा चातुर्मास सुटतो.

पंचतंत्रात ही गोष्ट फार पूर्वी येऊन गेली आहे. राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखानं राहत होती. राजा गाढ झोपला की हळूच पोट भरायची, कुणाला पत्ता नाही. तिथं अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून आला. एका रात्रीपुरतं बुकिंग. राजा झोपल्यावरच चावायचं, असं कबूल करून आत शिरला आणि राजाचा डोळा लागायच्या आतच कडकडून चावला. राजा ओरडत उठला, नोकर दिवे घेऊन धावले. अग्निमुख पलंगाच्या फटीत पसार. चादरीच्या घडीत सापडली ती ऊ, आणि मेली ती ऊ. अनोळखी माणसाला आसरा देऊ नये, असं तात्पर्य आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. होमस्टेच्या मालकांनी त्यातलं वेगळंच लक्षात ठेवावं: नोकरांनी चादर झाडली, पण पलंगाची फट कुणी बघितली नाही.

उपाय म्हणून काय होतं? फवारा. पाहुण्यानं बोंब मारली की पेस्ट कंट्रोलवाल्या पोराला बोलवायचं, त्यानं अर्ध्या तासात पाठीवरचा पंप रिकामा करायचा, बिल घ्यायचं, आणि संध्याकाळी तीच खोली पुढच्या पाहुण्याला. ढेकणाचा औषधांशी जुना परिचय आहे. आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, १९४७ मध्ये, पर्ल हार्बरला डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले. आज बाजारातल्या बहुतेक फवाऱ्यांत जी पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, तीही त्यांच्यातल्या पुष्कळांनी पचवली आहेत. खोलीत डबा फोडून धूर करायची पद्धत तर निव्वळ करमणूक. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे तीन डबे तपासले आणि ते कुचकामी ठरवले. धूर खोलीत फिरतो, ढेकूण फटीत बसलेला असतो. बरं, फवाऱ्यानं मोठे मेले तरी अंडी बहुधा वाचतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा फवारा लागतो. तो मारायच्या वेळी लाँग वीकेंड असतो.

इथं थट्टा थोडी बाजूला ठेवतो. २०१८ मध्ये इजिप्तमधल्या हुरघाडा इथल्या एका हॉटेलात शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी औषध मारलं होतं; बंद दाराच्या फटीतून आलेल्या वाफेनं अलीकडच्या खोलीतलं सहलीला आलेलं ब्रिटिश जोडपं दगावलं. आपल्याकडं धान्याच्या कोठारात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवणारे महाभाग आहेत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीपलीकडच्या माणसालाही मारू शकतो. ढेकूण चावतो, खाजवतो, झोप घालवतो, पण त्याच्या चाव्यातून रोग पसरतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा त्याच्यासाठी माणसं मारायची गरज नाही.

जे चालतं ते कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. दर चेक-आउटनंतर चादर जागच्या जागी पिशवीत घालून तोंड बांधायचं. गादीचे चारी कोपरे उचलून बॅटरी मारायची. शिवणीवर शाईचा टाक झटकल्यासारखे काळे ठिपके दिसले आणि ओल्या फडक्यानं पुसल्यावर ते तपकिरी फरफटले, की समजायचं. टाकलेल्या कातीही सापडतात. कातीचा मालक चार-पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस असतो. चश्मा असेल तर लावा. हेडबोर्ड भिंतीपासून सोडवून ठेवा, पलंग भिंतीपासून टीचभर सरकवा, गादीला चेनची पूर्ण खोळ घाला. हौसेनं घेतलेल्या गडद चॉकलेटी चादरी पुण्याच्या मावशीला भेट द्या आणि पांढऱ्या आणा.

कपड्यांना मात्र उष्णताच हवी. साधारण ४८ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण वीसेक मिनिटांत मरतो, अंड्यांना दीड तास लागतो. गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवलं तर काम होतं. ड्रायर नसेल तर कडकडीत पाण्यात धुवा आणि शिवणीवरून तापलेली इस्त्री फिरवा. विदर्भातले मालक म्हणतील, आमच्याकडं मे महिन्यात हे फुकट होतं. होत नाही. गादी उन्हात टाकली की वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकतो.

परदेशात पलंगाच्या पायाखाली गुळगुळीत प्लॅस्टिकचे कप ठेवतात. ढेकूण आत पडतो आणि वर चढू शकत नाही. हे कप आता आपल्याकडंही ऑनलाइन मिळतात. फक्त एक अडचण आहे. ती युक्ती तिकडच्या थंड हवेतल्या ढेकणासाठी. आपल्या उष्ण हवेतली जात वेगळी, आणि ती गुळगुळीत भिंत बऱ्यापैकी चढते असं २०१७ मध्ये प्रयोगांत दिसलं. स्वदेशीचा अभिमान बाळगायला एवढी तरी जागा आहे.

पाहुणेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. खोलीत शिरल्या शिरल्या आपण काय करतो? एसटीच्या टपावरून, ट्रेनच्या बाकाखालून आलेली बॅग धाडकन गादीवर टाकतो आणि तिच्याशेजारी आडवे होतो. बॅग आधी बाथरूमच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावी, गादी बघावी, मग लोळावं. मळलेले कपडे खुर्चीवर पसरू नयेत. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की माणूस खोलीत नसला तरी त्याच्या मळक्या कपड्यांकडं ढेकूण ओढले जातात. म्हणजे आपण किल्ल्यावर सेल्फी काढत असताना ढेकूण आपल्या बॅगेत परतीची जागा धरत असतो.

आणि मग रिव्ह्यू. ढेकूण दिसला तर यजमानाला हाक मारायची सोडून आपण घरी येतो, चार दिवस खाजवतो आणि एक तारा देऊन सूड घेतो. तोवर त्या खोलीत आणखी दोन कुटुंबं झोपून गेलेली असतात. यजमान खाली उत्तर टंकतो, ‘आमच्याकडं असं कधीच झालं नाही.’ तिसरा पाहुणा दोन्ही वाचतो, सवलत मागतो, आणि बुकिंग करतो.

न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून कायदा आहे: नव्या भाडेकरूला घरमालकानं गेल्या वर्षभराचा ढेकणांचा इतिहास लेखी द्यायचा. आपल्याकडं इतिहास मागतात तो भाडेकरूचा. आडनाव काय, लग्न झालंय का, मटण खाता का, पोलीस व्हेरिफिकेशन केलंय का, आधारची दोन्ही बाजूंची झेरॉक्स द्या. गादीत आधीपासून राहणाऱ्याला यातलं एकही विचारलं जात नाही.

तेव्हा मालक मंडळींना विनंती एवढीच. दोन बुकिंगांमध्ये तासभर जास्त ठेवा, खोली साफ करणाऱ्या बाईला बॅटरी द्या आणि त्या तासाचे पैसे वेगळे द्या. सरकारी निवास-न्याहारी योजनेची पाहणी करायला येणाऱ्यांनी भिंतीवरची वारली चित्रं बघून झाली की गादीही उलटून बघावी. ढेकूण सापडला तर खोली बंद ठेवा, तिला लागून असलेल्या खोल्याही तपासा, दोन आठवड्यांनी परत बघा, आणि खोली का बंद आहे ते विचारणाऱ्याला सरळ सांगा. पाहुण्यांनो, गादीत ढेकूण दिसला तर फोटो काढा आणि त्याच मिनिटाला यजमानाला फोन करा. तारे द्यायला नंतर भरपूर वेळ आहे.