न वाचलेल्यांचं बहुमत

यवतमाळ जिल्ह्यात सध्या दोन तट पडले आहेत. घाबरू नका, निवडणूक लागलेली नाही. निवडणुकीत दोन्ही तटांची माणसं संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात. इथं तेवढंही उरलेलं नाही. वादाचा प्रश्न एवढाच आहे की कुमार महाजननं सुदर्शन चक्रपाणीला शोधायला जायला हवं होतं की नको.

हे दोघं कोणत्या पक्षाचे, असं विचारणाऱ्यांसाठी खुलासा. सुहास शिरवळकरांच्या 'समांतर' या कादंबरीत कुमार महाजन हा नशिबाला वैतागलेला साधा नोकरदार एका ज्योतिषाकडे जातो. ज्योतिषी त्याचा हात बघतो आणि भविष्य सांगायचं नाकारतो. कारण हा हात त्यानं पूर्वी बघितलेला असतो, पण दुसऱ्याच माणसाचा. तो माणूस म्हणजे सुदर्शन चक्रपाणी. त्याच्या आयुष्यात जे घडून गेलं तेच आता कुमारच्या आयुष्यात घडणार. कादंबरी जुनीच, पण 2020 च्या मार्चमध्ये तिच्यावर वेबमालिका आली. कुमार झाला स्वप्नील जोशी आणि चक्रपाणी झाले नितीश भारद्वाज. ज्याच्या नावात सुदर्शनही आहे आणि चक्रही, त्याच्यासाठी 'महाभारता'तला श्रीकृष्ण सोडून दुसरं कोण मिळणार होतं? 2021 मध्ये दुसरं पर्व आलं. त्यात चक्रपाणीच्या डायऱ्या आल्या, रोज एकच पान वाचायचं अशी अट आली आणि कुमारच्या आयुष्यात एक बाई येणार हे भाकीतही आलं. रहस्य होतं तोवर सगळं सुरळीत होतं. रहस्यात प्रेम शिरलं आणि तालुक्याची मतं फुटली.

आता ज्या वाचनालयात हा वाद पेटला आहे तिथली प्रत बघा. हिरव्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक, आत 'पुस्तकात काहीही लिहू नये' असा जांभळा शिक्का. शिक्क्याच्या बरोब्बर खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'फालतू.' त्याखाली निळ्या शाईत, 'तुम्हीच फालतू.' त्याखाली वळणदार अक्षरात, 'कृपया भाषा सांभाळा, महिला वाचक आहेत.' आणि त्याखाली, बहुधा त्याच महिला वाचकांपैकी एकीच्या अक्षरात, 'आम्हाला चालते.' पुढे पानोपानी अभिप्राय. जिथं प्रेमाचा मामला आहे तिथं पानांचे कोपरे हळदीनं पिवळे झालेत, म्हणजे ती पानं स्वयंपाकघरात वाचली गेली. जिथं रहस्य आहे तिथं तंबाखूचे कण सापडतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं पानच गायब आहे. त्यामुळे शेवट आवडलेले आणि न आवडलेले असे जे दोन गट आहेत, त्यातल्या कोणीही शेवट वाचलेला नाही. वाद मात्र मुख्यतः शेवटाबद्दलच आहे.

पहिला गट गुरुजींचा. गुरुजी निवृत्त आहेत, समीक्षेची परिभाषा अजून सेवेत आहे. त्यांच्या मते 'समांतर'मध्ये अनुभूतीची खोली नाही, व्यक्तिरेखांना आंतरिक विकास नाही आणि लोकप्रियता हा तर कलेचा शत्रूच. 'गुरुजी, वाचली केव्हा?' असं कोणीतरी विचारलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, 'अशी पुस्तकं वाचावी लागत नाहीत. लेखकाचं नाव बघितलं की कळतं.' ही परंपरा जुनी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी अख्ख्या महाराष्ट्राला वाचायची सवय लागली आणि मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बसायला जेमतेम एक स्टूल आलं. शिरवळकरांचं तेच. अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन यांना वाचकांनी घरातल्या माणसांसारखं वागवलं, 1982 च्या 'दुनियादारी'ची पारायणं होस्टेलच्या खोल्याखोल्यांत झाली, पण अभ्यासक्रमाला ती दिसली नाही. 2013 मध्ये सिनेमा आला तेव्हा काही प्राध्यापकांना कळलं की असं काही पुस्तक होतं. त्यातल्या निम्म्यांना वाटलं, सिनेमावरून पुस्तक काढलंय.

दुसरा गट मालिकावाल्यांचा. यांनी पुस्तक हातात घेतलं ते दुसरं पर्व बघून झाल्यावर. आता त्यांची तक्रार अशी की पुस्तकात पार्श्वसंगीत नाही. कादंबरीतला कुमार स्वप्नील जोशीसारखा दिसत नाही, हा त्यांना लेखकानं केलेला दगाफटका वाटतो. यांच्यासमोर मूळ पुस्तकवाले उभे राहतात. आम्ही ही कादंबरी वाचली तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता, हा त्यांचा एकमेव साहित्यिक मुद्दा.

तिसरा गट पुसदकडच्यांचा. त्यांना या कथेत मुळात रहस्यच दिसत नाही. 'एकाच्या हातावरची रेष दुसऱ्याच्या हातावर निंगाली, याच्यात नवल काय? आमच्याकडं काका मुख्यमंत्री झाले, मंग पुतण्या झाला,' असं ते छाती पुढं काढून सांगतात. वसंतराव नाईक 1963 ते 1975 आणि पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993, पुराव्यानिशी शाबीत. यावर दारव्हा, दिग्रस, वणीकडच्या मंडळींनी आपापले हात उलटेसुलटे करून बघितले आणि विषय बदलला.

चौथा गट एका काकूंचा. गटात काकू एकट्याच आहेत, पण वाचनालयातली एकमेव प्रत त्यांच्याकडे असल्यामुळे तोच गट सत्ताधारी. तीन महिने झाले, पुस्तक परत नाही. शिपाई घरी गेला तर काकू म्हणाल्या, 'मायबाई, असं कसं देऊ? रोज एकच पान वाचा लागते. दोन वाचले त अनर्थ होते, मालिकेत दाखवलं नाई का?' या हिशेबानं कादंबरी आमच्या शकुंतलेच्या चालीनं चालली आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरच्या गाडीत बसलेल्यांना माहीत आहे, वाटेत उतरून, बोरं वेचून, परत तीच गाडी पकडता यायची. प्रतीक्षा यादीतले लोक काकूंवर भयंकर चिडले आहेत. खरं तर काकूंचे आभार मानले पाहिजेत. एवढ्या भांडणात पुस्तक वाचत असलेली ती एकच बाई आहे.

आणि नेमकं तिचंच काही ठाम मत नाही. 'चांगलं चाललं हाय, पाहू पुढं,' एवढंच ती सांगते. यावरून वाचनशास्त्राचा एक नियम निघतो: माणूस पुस्तकापासून जितका लांब, तितकं त्याचं मत पक्कं.

हा नियम आमच्या जिल्ह्यात आधीही तपासून झाला आहे. पांढरकवडा–राळेगावच्या जंगलातली अवनी वाघीण आठवते? ती तर अस्सल आमच्या मातीतली प्रेम-रहस्यकथा. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका, दोन बछडी, ड्रोन, हत्ती, आणि तिला भुलवायला वनखात्यानं आणलेलं पुरुषांचं परदेशी अत्तर, नाव काय तर 'ऑब्सेशन'. एखाद्या लेखकानं असं लिहिलं असतं तर गुरुजींनी 'अवास्तव' म्हणून कादंबरी खिडकीतून फेकली असती. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री वाघीण मारली गेली आणि देशभर मतं फुटली. ज्यांनी राळेगाव नकाशात शोधून काढलं त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. ज्यांना सकाळी उठून त्याच रानात गुरं न्यायची होती त्यांना तेवढं स्पष्ट दिसत नव्हतं; त्यांना झुडुपामागं काय आहे तेच आधी बघावं लागत होतं.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांत आमच्या समता मैदानावर 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. 1973 मध्ये इथंच गदिमांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं, त्यामुळे पाहुण्यांना जेवू कसं घालायचं हे आम्हाला माहीत होतं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हातून मराठीचं उद्घाटन कशाला, असा आक्षेप निघाला आणि पाठवलेलं आमंत्रण परत घेतलं गेलं. मग काय, भाषण व्हायच्या आधीच त्यावर बाजूनं आणि विरोधात मतं तयार. संमेलनाला येणार म्हणालेले काही साहित्यिक आलेच नाहीत, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी 11 जानेवारी 2019 ला शेतकऱ्याची विधवा असलेल्या, कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं, अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या आणि व्यासपीठावर जे बोललं गेलं ते मांडवातल्या लोकांनी मन लावून ऐकलं. पण महाराष्ट्रभर सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते सहगलबाईंचं न झालेलं भाषण. एवढी वाचकसंख्या हवी असेल तर पुढच्या संमेलनात सगळ्यांचीच आमंत्रणं रद्द करावीत, अशी सूचना आम्ही तेव्हाच करणार होतो.

आता कोणी म्हणेल, मग पुस्तक नीट वाचतं तरी कोण? मराठीत याचं उत्तर आहे: न्यायाधीश. चंद्रकांत काकोडकर हे त्या काळचे वाचकांचे लाडके प्रेमकथाकार. त्यांच्या 'नीलांबरी'वरून हिंदीत 'दो रास्ते' निघाला, राजेश खन्नाचा. त्याच काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली आणि अश्लील आहे म्हणून फौजदारी खटला झाला. मॅजिस्ट्रेटनी सोडून दिलं. उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि दंड केला 25 रुपये. एका आख्ख्या पिढीला बिघडवण्याचा हा दर त्या काळातही स्वस्तच म्हणायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये दंडही काढून टाकला. म्हणजे एका मराठी प्रेमकथेवर तीन न्यायालयांत मिळून मत दोनदा पालटलं, आणि प्रत्येक वेळी निकाल देणाऱ्याला आधी कथा वाचावी लागली. कायद्याची सक्ती नसती तर तेवढाही त्रास कोणी घेतला नसता. आम्हाला वाटतं, वाचनसंस्कृती वाढवायची असेल तर पुस्तक प्रदर्शनं बंद करून खटले वाढवले पाहिजेत.

असो. वाद हाताबाहेर गेल्यामुळे वाचनालयाच्या कार्यकारिणीनं शेवटी वाचकांची सभा बोलावली. अनुदानाच्या 'ड' वर्गातलं वाचनालय. खुर्च्या बारा, माणसं तीस. गुरुजी अनुभूतीवर चाळीस मिनिटं बोलले. मालिकावाल्यांनी मोबाइलवर एक प्रसंग लावून दाखवला, आवाज नीट येईना म्हणून सगळे उठून जवळ गेले, गुरुजीही गेले. शेवटाच्या मुद्द्यावर दोन तरुण एकमेकांची कॉलर धरेपर्यंत आले, तेव्हा मागं दाराशी उभा असलेला एक शेतकरी पुढं झाला. तो दर बुधवारी बाजाराला येतो तेव्हा पेपर वाचायला इथं बसतो.

'माफ करजा,' तो म्हणाला, 'मी काई पूर्ण वाचलं नाई, कारन पुस्तकच भेटत नाई. पन तुमी जे सांगून राह्यले त्याच्यात सस्पेन्स कायचा हो? दुसऱ्यानं जगलेलं आयुष्य मीबी जगूनच राह्यलो ना. बापाचाच सातबारा, बापाचंच सोसायटीचं कर्ज, तेच कापूस अन् तेच बोंडअळी. उद्या काय होनार हे पाहाले मले चक्रपाणी हुडकाची गरज नाई, बाप घरीच बसला हाय. तो मले पुढचं काई सांगत नाई, अन् मी पोराले सांगत नाई. खरा सस्पेन्स पाहाचा असन त दिवाळीनंतर कापसाच्या बाजारात या. गाडी उभी करा अन् भाव निंगाची वाट पाहा. मंग समजन श्वास रोखून धरनं कायले म्हन्तेत ते.'

सभेत कोणी काही बोललं नाही. कादंबरीवरचं एवढं नेमकं परीक्षण त्या खोलीत आजवर झालं नसावं. पण परीक्षणकार साहित्याचे पदवीधर नसल्यामुळे ते इतिवृत्तात घ्यावं की नाही, यावर चिटणीसांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि ठरावांना सुरुवात झाली. ते असे:

ठराव 1. सदर कादंबरी हे अभिजात साहित्य नव्हे. एकमताने मंजूर.

ठराव 2. सदर कादंबरीच्या आणखी दोन प्रती तातडीने खरेदी कराव्यात. एकमताने मंजूर. खरेदी अनुदान आल्यावर.

ठराव 3. शेवटचं पान ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवून जावं. नाव विचारलं जाणार नाही. मंजूर.

ठराव 4. काकूंना विनंती करण्यात येते की त्यांनी रोज निदान दोन पानं वाचावीत. अनर्थ झाल्यास जबाबदारी कार्यकारिणीची राहील. कार्यकारिणीच्या तीव्र विरोधामुळे हा ठराव बारगळला.

ठराव 5. यापुढं कोणत्याही पुस्तकावर ते वाचल्याशिवाय मत देऊ नये, अशी लेखी सूचना एका सभासदानं मांडली. ती प्रचंड बहुमतानं फेटाळण्यात आली. सूचनेचा कागद सभेत फिरवला होता; तो परत आला तेव्हा त्याची घडीही उघडलेली नव्हती.