टर्कीविरोधक

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एखादा माणूस हमखास अस्वस्थ होतो. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, अख्खी अमेरिका टर्की भाजते आणि ह्याला ती भाजायची नसते. शाकाहारी असता तर प्रश्न मिटला असता. पण हा मासळीच्या काट्यालाही न सोडणारा. त्याचं वैर पक्ष्याशी नाही, प्रथेशी आहे. "टर्की म्हणजे निव्वळ भुसा रे," तो फोनवर सांगतो, "ह्या वर्षी बघच मी काय करतो ते." आपण जातो. चार दिवसांच्या सुट्टीत नाहीतरी दुसरं काय करायचं असतं?

त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. 1621 साली प्लिमथला झालेल्या ज्या मेजवानीचा एवढा गाजावाजा, तिचं वर्णन एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. त्यात शिकारीचे पक्षी आहेत, वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं आहेत. टर्कीचं नाव नाही. हे पत्र त्याला अथर्वशीर्षापेक्षा जास्त पाठ आहे. त्याच आधारावर त्याने एकदा हरणाची तंगडी आणली. ती कापायला शेजाऱ्याची करवत मागावी लागली, ह्यापलीकडे त्या जेवणाबद्दल न बोललेलं बरं.

खरी कीर्ती झाली ती टरडकनने. हा लुइझियानाकडे लोकप्रिय झालेला प्रकार: हाडं काढलेली कोंबडी हाडं काढलेल्या बदकात कोंबायची, ते बदक टर्कीत, आणि मधल्या फटींत पावाचं सारण. आदल्या रात्री हा ओट्याशी उभा, चष्मा कपाळावर, हातात गोधडीचा दाभण. आणि बायको दोन्ही हातांनी टर्कीची पाठ जुळवून धरतेय. "अरे, सैल शीव जरा, फुगेल ते." दुसऱ्या दिवशी ते धूड ओव्हनमध्ये गेलं. आतलं सारण 165 अंश फॅरनहाइटला पोचल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणून हा सारखा दार उघडून थर्मामीटर खुपसणार, आणि दार उघडलं की ओव्हन पुन्हा गार. पाहुणे दुपारभर चिवड्यावर. संध्याकाळी एकदाचं ताटात पडलं, तेव्हा एका पोराने विचारलंच, "काका, पण बाहेरून तर टर्कीच आहे ना?"

त्या पोराच्या आईबापांना पुढच्या वर्षी आमंत्रण नव्हतं.

त्यात वार गुरुवार. मंडळातली निम्मी माणसं गुरुवारी खात नाहीत, आणि 2025 साली तर तो मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार निघाला. त्यांच्यासाठी टोफर्की, म्हणजे 1995 पासून ओरेगॉनहून येणारा, टोफू आणि गव्हाच्या ग्लूटेनचा गोळा. तो पुढ्यात आला की ज्यांचा उपास नसतो त्यांनाही उपास आठवतो. बायको काही बोलत नाही. मागच्या शेगडीवर मसालेभाताचा कुकर लावते. टर्कीला तोही पर्यायच.

त्या वर्षी बाकीच्यांसाठी बदक होतं, संत्र्याच्या रसातलं. सुरी हातात घेऊन त्याने आपली ठेवणीतली गोष्ट काढली. 1926 साली मिसिसिपीहून कुणीतरी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी जिवंत रकून पाठवलं. कूलिजसाहेबांनी ते शिजवलं नाही. रेबेका असं नाव ठेवून चक्क व्हाइट हाउसमध्ये पाळलं, पट्टा बांधून फिरवलं! "म्हणजे बघा," तो म्हणाला, "टर्कीशिवाय ह्या देशाचं काही अडत नाही."

सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई इतका वेळ मन लावून ऐकत होत्या.

"चांगलं केलंन हो त्यांनी, मुक्या जिवाला पाळलं," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, मग त्या दिवशी ती माणसं जेवली काय?"

जावईबापूंनी बदकात सुरी घातली. जरा जोरातच.